समान वेगाची रांग : केसाएवढ्या चॅनेलमध्ये डीएनए कसा एकवटतो

रक्तातून किंवा थुंकीतून डीएनए काढायची नेहमीची रीत प्रयोगशाळांना पाठ असते. पेशी फोडायच्या, द्रावण सिलिकाच्या कॉलममध्ये ओतून सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायचं, अल्कोहोल असलेल्या बफरने (पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणाने) दोनदा धुवायचं आणि चिकटलेला डीएनए शेवटी थोड्या पाण्यात सोडवून घ्यायचा. रीत चांगली आहे. पण नमुना फारच थोडा असला की चिकटलेलं सगळं सुटून येत नाही, आणि धुण्यातलं अल्कोहोल मागे राहिलं तर पुढचा पीसीआर, म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवण्याची प्रक्रिया, रुसतो.

दुसऱ्या एका रीतीत डीएनएला कशालाच चिकटावं लागत नाही. काचेत कोरलेल्या बारीक चॅनेलमध्ये दोन वेगवेगळे बफर एकापाठोपाठ एक ठेवायचे, दोन्ही टोकांना प्लॅटिनमच्या तारा बुडवायच्या आणि वीज सोडायची. नमुन्यातला डीएनए त्या दोन बफरांच्या सीमेवर येऊन थांबतो. म्हणजे सीमेच्या मानाने थांबतो, कारण सीमा स्वतः पुढे सरकत असते. या रीतीला आयसोटॅकोफोरेसिस म्हणतात. ग्रीकमध्ये आयसो म्हणजे समान, टॅकोस म्हणजे वेग आणि फोरेसिस म्हणजे वाहून नेणं.

ऐकणाऱ्याला वाटतं, करामत विजेची आहे, व्होल्टेज वाढवलं की काम झालं. खरं तर वीज नुसती ढकलते. डीएनए कुठे गोळा होणार, हे दोन बफरांत कोणते आयन आहेत यावर ठरतं, आणि या प्रयोगातली बहुतेक फजिती बफरातच जन्म घेते.

आधी एक आकडा समजून घेऊ : चलनशीलता. दर मीटरला एक व्होल्ट इतकं विद्युतक्षेत्र असताना आयन सेकंदाला किती नॅनोमीटर सरकतो, ती त्याची चलनशीलता. पातळ पाण्यात क्लोराइडची ७९ असते. बफर दाट असला की आयन एकमेकांना थोडे अडवतात आणि ती ७० च्या आसपास येते. डीएनएची साधारण ३५. हेपिस या नेहमीच्या बफर-रेणूची, पीएच ८.२ च्या आसपास, साधारण २०. हे तिन्ही ऋणभारित, म्हणून धन टोकाकडे धावतात. क्लोराइड सर्वांत चपळ, डीएनए मधला, हेपिस सर्वांत मंद.

डीएनएच्या आकड्यात एक गंमत आहे. तुकडा ५०० बेस-जोड्यांचा असो की ५,००० चा, साध्या द्रावणात चलनशीलता जवळपास तीच. लांबी दुप्पट झाली की भारही दुप्पट होतो आणि पाण्याचं घर्षणही दुप्पट होतं, दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात. म्हणूनच तुकडे लांबीनुसार वेगळे करायला अगारोजचं जेल लागतं. आपल्या कामाला मात्र हा दोष पथ्यावर पडतो : नमुन्यातला लहान-मोठा सगळा डीएनए एकाच जागी येतो.

आता रांग. धन टोकाकडे, पुढे, क्लोराइडचा बफर. त्याला पुढचा बफर म्हणू. ऋण टोकाकडे, मागे, हेपिसचा बफर, तो मागचा. दोन्हींत सोबतीचा धनभारित आयन एकच, ट्रिस. वीज सुरू झाली की क्लोराइड पुढे पळायला बघतं. ते पुढे गेलं आणि हेपिस मागे रेंगाळलं तर मधे आयनच नसलेली पोकळी पडेल. अशी पोकळी टिकू शकत नाही, कारण आयन कमी म्हणजे विद्युतरोध जास्त, रोध जास्त म्हणजे तिथलं क्षेत्र जास्त, आणि क्षेत्र जास्त म्हणजे मागच्या हेपिसला जोराचा धक्का. शेवटी मागच्या भागात क्षेत्र इतकं वाढतं की मंद हेपिसही क्लोराइडच्याच वेगाने चालू लागतं. प्रत्येक भागात किती आयन राहू शकतात याचा नियम जर्मन भौतिकशास्त्रज्ञ फ्रीड्रिख कोलराउश यांनी १८९७ मध्येच मांडला होता. १९३७ मध्ये स्वीडनच्या आर्ने टिसेलियस यांनी विद्युतक्षेत्राने रक्तद्रवातली प्रथिनं वेगळी केली आणि १९४८ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं. गॅमा ग्लोब्युलिन या नावातला ‘गॅमा’ त्याच कामातला. मात्र टिसेलियस यांच्या नळीत प्रत्येक प्रथिन आपापल्या वेगाने जाई. इथे सगळ्यांचा वेग एकच असतो.

डीएनएच्या नजरेने पाहिलं तर क्षेत्र म्हणजे रस्त्याचा उतार. मागच्या बफरात उतार खडा, पुढच्यात सौम्य, आणि उतार बदलतो तो उंबरठा स्वतःच पुढे चालतोय. खड्या उतारावर डीएनए हेपिसपेक्षा वेगाने घसरतो, म्हणून मागून येऊन उंबरठा गाठतो. उंबरठा ओलांडून सौम्य उतारावर गेला तर तो क्लोराइडपेक्षा मंद पडतो आणि उंबरठा त्याला येऊन मिळतो. मागे राहिलेला पुढे ढकलला जातो, पुढे गेलेला मागे पडतो. कुणी हात न लावता डीएनएचा पट्टा आपोआप अरुंद राहतो.

बफर करताना काटेकोर राहायचं ते इथे. पुढच्या बफराच्या १०० मिलिलिटरसाठी २.४२ ग्रॅम ट्रिस आणि १ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लाचे १० मिलिलिटर. म्हणजे २०० मिलिमोलर ट्रिसमध्ये १०० मिलिमोलर आम्ल. निम्मा ट्रिस भारित होतो आणि पीएच ८.१ च्या आसपास आपोआप येतो. आला नाही तर वजनात चूक आहे. आम्लाचे थेंब टाकून ‘जुळवू’ नये, फेकून पुन्हा करावं. कारण जुळवताना नेमकं क्लोराइडचं प्रमाण बदलतं आणि सगळा हिशेब त्याच्यावर उभा असतो. मागच्या बफराच्या १०० मिलिलिटरला ०.४८ ग्रॅम हेपिस आणि ०.४८ ग्रॅम ट्रिस, म्हणजे सुमारे २० आणि ४० मिलिमोलर. दोन्हींत अर्धा टक्का पीव्हीपी (लांब साखळीचा एक पॉलिमर), तेही दहा लाखांच्या आसपास रेणूभाराचं. दोन्ही बफर ०.२ मायक्रोमीटरच्या फिल्टरमधून गाळून, हवा काढून, गच्च बुचाच्या बाटलीत ठेवायचे.

बूच गच्च का? पीएच ८ चं द्रावण हवेतला कार्बन डायऑक्साइड पीत राहतं आणि त्याचं बायकार्बोनेट होतं. बायकार्बोनेट डीएनएपेक्षा चपळ आणि क्लोराइडपेक्षा मंद, म्हणजे नेमकं डीएनएच्या पुढे आपला वेगळा पट्टा करून बसतं. जुन्या बफरात डीएनएचा पट्टा क्लोराइडला न टेकता मधे काहीतरी आहे असं दिसू लागतं, त्याचं कारण बहुधा हेच.

आणि पीव्हीपी कशाला? काचेच्या भिंतीवर पीएच ८ ला ऋणभार असतो. त्याला लगटून पाण्यातले धन आयन उभे असतात. वीज सोडली की ते ऋण टोकाकडे निघतात आणि अख्खं पाणी सोबत ओढून नेतात. उघड्या काचेत, पातळ बफरात, हा ओढा डीएनएच्या स्वतःच्या वेगापेक्षा जास्त असू शकतो. मग डीएनए पुढे जायच्या ऐवजी उलटा वाहतो आणि बघणारा तारा उलट्या जोडल्या का म्हणून तपासत बसतो. पीव्हीपीचे लांब रेणू भिंतीवर अंथरले गेले की ओढा जवळपास थांबतो.

चिप, म्हणजे चॅनेल कोरलेली काच, धुवायचा क्रमही ठरलेला आहे : पातळ ब्लीच दोन मिनिटं, पाणी, १ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड दोन मिनिटं, पुन्हा पाणी, मग पुढचा बफर. ब्लीच मागच्या वेळचा डीएनए नष्ट करतं, सोडियम हायड्रॉक्साइड भिंत ताजी करतं. मधलं पाण्याने धुणं वगळू नये. ब्लीचमधलं क्लोराइड मागच्या बफराच्या विहिरीत (चॅनेलच्या टोकाला द्रव ठेवायच्या खळग्यात) उतरलं तर पुढची सगळी मेहनत पाण्यात.

प्रत्यक्ष भरणं असं. आधी सगळा चॅनेल पुढच्या बफराने भरायचा. धन टोकाच्या विहिरीत तोच बफर ठेवायचा. ऋण टोकाची विहीर रिकामी करून, मागच्या बफराने एकदा विसळून, त्यात नमुना मिसळलेला मागचा बफर २० मायक्रोलिटर घालायचा. पट्टा डोळ्यांना दिसावा म्हणून सायबर ग्रीन हा रंग लागतो. तो पुढच्या बफरात घालायचा, नमुन्यात नव्हे. हा रंग धनभारित आहे, उलट्या दिशेने येतो, त्यामुळे समोरून डीएनएवर सतत येत राहतो.

आता एक चालू हिशेब. चॅनेल ९० मायक्रोमीटर रुंद, २० मायक्रोमीटर खोल, ३० मिलिमीटर लांब. त्यात मावतात फक्त ५४ नॅनोलिटर. व्होल्टेज नाही, प्रवाह स्थिर ठेवायचा : २ मायक्रोअँपिअर. पुढच्या बफरात क्षेत्र दर सेंटिमीटरला साधारण १४ व्होल्ट पडतं, मागच्यात ४८ च्या आसपास. सीमेचा वेग सेकंदाला सुमारे ०.१ मिलिमीटर, म्हणजे पूर्ण चॅनेल पाच मिनिटांत. सुरुवातीला यंत्रावर सुमारे ४० व्होल्ट दिसतील आणि जसजसा जास्त रोधाचा मागचा बफर चॅनेल व्यापत जाईल तसतसे ते सरळ रेषेत १४५ च्या आसपास चढतील. ही चढती रेषा म्हणजे प्रयोगाची नाडी. सूक्ष्मदर्शक नसला तरी सीमा कुठे पोचली ते तिच्यावरून सांगता येतं. रेषा सपाट राहिली तर मागचा बफर चॅनेलमध्ये शिरतच नाहीये. व्होल्टेज एकदम यंत्राच्या कमाल मर्यादेला जाऊन थडकलं तर वाटेत बुडबुडा आहे.

पट्टा किती अरुंद होतो? निव्वळ विसरणाचा, म्हणजे रेणू आपोआप पसरण्याचा, विचार केला तर वरच्या आकड्यांत तीसेक मायक्रोमीटर. प्रत्यक्षात ५० किंवा जास्तही. ५० धरले तर पट्ट्याचं आकारमान ९० पिकोलिटर होतं. आणि त्यात नमुना किती गोळा झाला? इथे फार जण फसतात. विहिरीत २० मायक्रोलिटर आहेत म्हणून वीसच्या वीस गोळा झाले असं नव्हे. विहिरीतून चॅनेलमध्ये किती डीएनए ओढला जातो हे तिथल्या क्षेत्रावर ठरतं आणि या मापांत पाच मिनिटांत जेमतेम १५० नॅनोलिटर नमुन्यातला डीएनए पट्ट्यात येतो. म्हणजे संहती (द्रावणातला डीएनएचा दाटपणा) दीड हजार पटींहून जास्त वाढली, पण नमुन्यातला ९९ टक्के डीएनए विहिरीतच राहिला. दोन्ही विधानं एकाच वेळी खरी आहेत. जाहिरातीत पहिलंच असतं.

संहतीचे विक्रम मोठे आहेत. २००६ मध्ये स्टॅनफर्डमध्ये ह्वान सान्तियागो यांच्या गटाने चिपवर एका चमकणाऱ्या रंगाची संहती दहा लाख पटींच्या पुढे नेऊन दाखवली. पण निदानासाठी प्रश्न वेगळा असतो : नमुन्यात विषाणूचे दहाच रेणू असतील, तर ते दहाही आले का?

त्यासाठी दोन वाटा. एक, विहिरीतला मागचा बफर पातळ करणं. पातळ बफरात रोध जास्त, क्षेत्र जास्त, म्हणून डीएनए अधिक ओढला जातो. वरच्या हिशेबात २० मिलिमोलरचा हेपिस त्याचसाठी घेतला आहे. त्याहून फार पातळ केला तर नमुन्यासोबत आलेले क्षारच वरचढ होतात. दुसरी वाट, चॅनेल मोठा करणं. २ मिलिमीटर रुंद आणि १०० मायक्रोमीटर खोल चॅनेल घेतला तर छेदाचं क्षेत्रफळ १११ पट वाढतं आणि कागदावर २० मायक्रोलिटरपैकी सोळाएक मायक्रोलिटर गोळा व्हायला हवेत.

कागदावर. कारण छेद वाढला की तोच वेग ठेवायला प्रवाहही १११ पट, २२० मायक्रोअँपिअर लागतो. पाच मिनिटांत ऋण तारेपाशी सुमारे ६९० नॅनोमोल हायड्रॉक्साइड तयार होतं. २० मायक्रोलिटरच्या विहिरीत हेपिस आहे ४०० नॅनोमोल. बफर हरतो, पीएच वर जातो. शिवाय त्याच तारेपाशी आठेक मायक्रोलिटर हायड्रोजन वायू सुटतो, तोही २० मायक्रोलिटरच्या विहिरीत! म्हणून मोठ्या चिपमध्ये तार नमुन्याच्या विहिरीत बुडवत नाहीत. बाजूला दाट बफराची मोठी विहीर असते आणि मधे जेलचा बांध. छोट्या चॅनेलमध्ये हीच निर्मिती फक्त ६ नॅनोमोल असल्याने कुणाच्या लक्षातही येत नाही. छोट्यावर जमलेलं मोठ्यावर फसलं की आधी तारेपाशी बघावं.

दुसरी अडचण पातळीची. दोन विहिरींतल्या द्रवाच्या उंचीत एक मिलिमीटर फरक म्हणजे १० पास्कल दाब. २० मायक्रोमीटर खोल चॅनेलमध्ये त्याने पाणी सेकंदाला ११ मायक्रोमीटर वाहील; सीमेच्या १०० च्या मानाने फारसं नाही, चालून जातं. १०० मायक्रोमीटर खोल चॅनेलमध्ये तोच एक मिलिमीटर पाण्याला सेकंदाला २८० मायक्रोमीटरने पळवतो, म्हणजे सीमेहून वेगाने. खोली पाच पट, ओघ पंचवीस पट. पट्टा मधेच वाकलेला, धनुष्यासारखा दिसला तर पिपेटने पातळी सारखी करावी, किंवा पुढच्या बाजूला थोडं अगारोज भरून ओघ अडवावा.

नमुन्यातल्या क्षारांचं तर वेगळं प्रकरण करावं लागेल. रक्तद्रवात क्लोराइड सुमारे १०० मिलिमोलर असतं, सलाइनमध्ये १५४. क्लोराइड आपल्या रांगेत पुढचा गडी. तो मागच्या विहिरीत आला की तिथलं क्षेत्र पडतं आणि डीएनए ओढला जाणं मंदावतं. वीसपट पातळ केलेल्या रक्तद्रवातही ५ मिलिमोलर क्लोराइड उरतं, हेपिसच्या पाव भाग. पट्टा येतो, पण उशिरा आणि फिका. सिलिका किटमधलं ग्वानिडिन असलेलं पेशीफोडू द्रावण तर इथे चालतच नाही, त्यात मोलरच्या घरात क्षार असतात. पेशी फोडायला प्रोटिनेज के आणि भारहीन डिटर्जंट, उदाहरणार्थ ट्रायटन, ५६ अंशांवर. म्हणजे क्षार न वाढवता प्रथिनं तुटतात आणि डीएनएला धरून बसलेले हिस्टोनही सुटतात. रक्त हेपरिनच्या नळीत घेतलेलं नको. हेपरिन स्वतःच दाट ऋणभाराचा, तो डीएनएसोबत रांगेत येतो आणि पुढे पीसीआर अडवतो.

बरीचशी प्रथिनं मात्र हेपिसपेक्षा मंद असल्याने सीमा गाठू शकत नाहीत आणि मागेच राहतात. एकवटणं आणि शुद्ध करणं एकाच चालीत होतं ते यामुळे. वेगळं करण्याचा बारीकपणा हवा असेल तर मधल्या चलनशीलतेचा एखादा आयन मुद्दाम घालतात. समजा अ आणि ब हे दोन रेणू एकाच पट्ट्यात येताहेत. अ पेक्षा मंद आणि ब पेक्षा चपळ असा आयन बफरात असला तर तो दोघांच्या मधे आपला पट्टा करतो आणि त्यांना दूर सारतो. कोणता आयन, हे आकड्यांच्या तक्त्यावरून आणि पीएच बघून ठरवायचं. पीएच अर्ध्याने सरकला तर दुर्बल आम्लांचा क्रमच बदलू शकतो.

पट्टा इतका अरुंद असण्याचा आणखी एक फायदा आहे. दोन रेणूंची एकमेकांशी गाठ पडण्याचा वेग दोघांच्या संहतींच्या गुणाकारावर ठरतो. दोघंही हजार पटींनी एकवटले तर भेटीगाठी पट्ट्यात दहा लाख पटींनी वाढतात. २०२० मध्ये सान्तियागो यांच्याच गटाने हे कोरोनाच्या चाचणीत वापरलं : नाकाच्या स्वॅबमधला आरएनए आयसोटॅकोफोरेसिसने काढला, चिपबाहेर तो एकाच तापमानावर वाढवला आणि मग क्रिस्पर-कॅस१२ ला (ठरावीक जनुकीय क्रम ओळखणाऱ्या साधनाला) त्याच्यासोबत पट्ट्यात एकवटून निदान केलं. सगळं मिळून सुमारे ३५ मिनिटं.

राहिलं पट्टा बाहेर काढणं. छोट्या चॅनेलमध्ये तो बाहेर काढत नाहीत, तिथेच बघतात. मोठ्यामध्ये तो धन टोकाच्या एका मधल्या विहिरीत उतरताच वीज बंद करून पिपेटने उचलायचा. बंद केव्हा करायचं ते व्होल्टेजच सांगतं : चॅनेल विहिरीजवळ थोडा रुंद ठेवला तर पट्टा तिथे शिरताच रेषेचा चढ कमी होतो. वीज बंद झाल्यावर घाई करावी, पण धावपळ नको. एक हजार जोड्यांचा तुकडा मिनिटाभरात चॅनेलमध्ये तीस-पस्तीस मायक्रोमीटर पसरतो. तासभर विसरलात तर पाव मिलिमीटर.